न्यायालयाच्या दारांतील समेट

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण महाराष्ट्रांत इतकी रूढ आहे कीं, ती उच्चारणाऱ्याला आपण कांहीं विचार मांडीत आहों असें वाटतही नाहीं. परंतु म्हण सांगणारा शहाणा आणि पायरी चढणारा पक्षकार हे पुष्कळदां एकच गृहस्थ असतात. भाडेकरू जागा सोडीत नाहीं, भागीदार हिशेब दाखवीत नाहीं, भाऊ वांटणी देत नाहीं; अशा वेळीं सभ्य समाजांत न्यायालयाखेरीज दुसरें दार उरत नाहीं. तेव्हां खरा प्रश्न पायरी चढावी कीं न चढावी हा नसून, ती चढल्यावर आंत काय असावें, हा आहे. केवळ निकाल देणारें एकच दालन असावें, कीं त्याच्या शेजारीं, भांडणाऱ्या दोघांना एका टेबलाभोवतीं बसवून बोलतें करणारें दुसरेंही एक दालन असावें? २००५ सालापासून भारतांतील न्यायालयांनीं हें दुसरें दालन उघडावयास प्रारंभ केला. त्याला मध्यस्थी केंद्र असें म्हणतात. तें कसें उभें राहतें, आणि उभें राहिल्यावर कशानें टिकतें किंवा कशानें पोकळ होतें, हा विषय ज्यांना कधीं ना कधीं कोर्टाशीं काम पडेल अशा प्रत्येक कुटुंबाच्या जिव्हाळ्याचा आहे.

कल्पना करावी कीं, पुण्याच्या एखाद्या जुन्या पेठेंत एक वडिलोपार्जित वाडा आहे आणि त्याच्या वांटणीचा दावा दोन सख्ख्या भावांत चालू आहे. थोरला तळमजल्यावर राहतो. धाकटा नोकरीनिमित्त परगांवीं राहून निवृत्त झाल्यावर परत आला आहे. फिर्यादींत आणि कैफियतींत खोल्यांची संख्या, चौरस फूट, डागडुजीचा खर्च, बाजारभाव असें सर्व कांहीं आहे. परंतु दोघांच्या मनांत जें सलतें आहे, तें त्या कागदांत कोठेंच नाहीं. आईच्या शेवटच्या आजारांत आपल्याला उशिरा कळविलें, हें धाकट्याचें शल्य. आणि बारा वर्षें आईचें सर्व केलें त्याचा कोणी चकार शब्दानें उल्लेख करीत नाहीं, हें थोरल्याचें. न्यायाधीशाला ह्या दोन्ही गोष्टींशीं कर्तव्य नाहीं, आणि तें योग्यच आहे. कायद्यानें विचारलेला प्रश्न एवढाच कीं, कोणाचा हिस्सा किती. त्याचें उत्तर अवश्य मिळेल. दावा, अपील, त्यावर दुसरें अपील, इतकें झाल्यावर प्रत्येकाला निम्मा हिस्सा मिळेल. आणि तो निम्मा आहे हें दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें!

मध्यस्थी म्हणजे काय हें समजावयाचें तर ती काय नव्हे हें आधीं पाहिलें पाहिजे. न्यायाधीश निवाडा देतो. लवादही निवाडाच देतो. फरक एवढाच कीं, तो पक्षकारांच्या संमतीनें नेमलेला असतो. लोकअदालतींत बहुधा रकमेवर तडजोड होते, आणि तेथील मंडळ ‘इतक्यावर मिटवा’ असें सुचवूंही शकतें. मध्यस्थ मात्र निवाडा देत नाहीं आणि कोणाचें चुकलें हेंही सांगत नाहीं. त्याच्या हातीं हुकूम नसतो. तो दोघांना एकत्र ऐकतो, मग एकेकाला वेगळें ऐकतो, एकाचें म्हणणें दुसऱ्याच्या कानांत शिरेल अशा शब्दांत पुन्हां मांडतो, आणि मागणीच्या पोटांत दडलेली गरज कोणती हें त्या त्या माणसाकडूनच वदवून घेतो. निर्णय पक्षकारांचा. तो झाला नाहीं तर दावा होता तसा न्यायाधीशापुढें परत जातो आणि कोणाचेंही कांहीं बुडत नाहीं.

हा विचार परकीय आहे असें म्हणणारे, आणि हा तर आपला जुनाच विचार आहे असें म्हणणारे, दोघेही अर्धेंच खरें बोलतात. पेशवाईच्या काळीं पंचायतीपुढें वाद नेतांना वादी आणि प्रतिवादी, पंचांचा निर्णय आपणांस मान्य राहील, अशी लेखी संमति देत. त्या कागदाचें नांव ‘राजीनामा’. आज हा शब्द नोकरी सोडण्याच्या पत्राला लागतो. त्या काळीं तो राजी झाल्याचा कागद होता. न्यायाच्या आरंभीं उभयतांची संमति असावी, ही जाण त्यांत होती. परंतु पंच शेवटीं निवाडाच देत. जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे आणि हरणारा येजितखत लिहून देई. म्हणजे पंचायतीचें नातें आजच्या लवादाशीं अधिक जवळचें आहे, मध्यस्थीशीं दूरचें. १८१८ नंतर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टननें दक्षिणेंत पंचायती चालू ठेवण्याचा प्रयत्न केला. तरी इंग्रजी पद्धतीचीं न्यायालयें जसजशीं वाढत गेलीं तसतशा त्या क्षीण होत गेल्या.

सरकारी कायद्यानें समेट घडविण्याचा एक मोठा प्रयोग मात्र महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला, आणि त्याची आठवण आज विशेष उपयोगाची आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले. ते दंगे आसपास पसरले, सरकारनें चौकशी केली, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर आणि तेव्हांचें अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठीं तो होता. त्या कायद्यानें ‘कन्सिलिएटर’, म्हणजे समेट घडविणारे गृहस्थ, नेमण्याची व्यवस्था केली. शेतकरी पक्षकार असेल तर आधीं ह्या गृहस्थापुढें जावें. समेट झाला तर त्या करारास हुकूमनाम्याचें बळ यावें. न झाला तर त्यानें तसा दाखला द्यावा, आणि तो दाखला जोडल्याशिवाय न्यायालयानें दावाच दाखल करून घेऊं नये, अशी ती योजना होती. १८९३ सालीं उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होण्यापूर्वीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनीं ह्याच कायद्याखालीं स्पेशल जज्ज म्हणून काम केलें.

कागदावर योजना निर्दोष दिसत होती. परंतु समेट घडविणाऱ्यास त्या कामाचें शिक्षण कोणी दिलेलें नव्हतें. बोलाविलेला ऋणको पुष्कळदां येतच नसे. आणि सावकाराला समेटाची निकड नसे. त्याला दावा लावावयाचा असे, आणि दाव्याला हवा असे तो दाखला. अशा स्थितींत समेट मागें पडून दाखला पुढें यावा ह्यांत नवल कसलें? व्यवस्थेवर टीका होऊं लागली आणि विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत ती मोडीत निघाली. कायदा माणसाला दारापर्यंत आणूं शकतो; आंत बसवून मन मोकळें करावयास लावणें त्याच्या हातीं नाहीं. मध्यस्थीची कोणतीही योजना उभारणाऱ्यानें हा धडा डोळ्यांपुढें ठेवावा इतका तो मोलाचा आहे.

आधुनिक विचाराला चालना मिळाली ती अमेरिकेंत. १९७६ सालीं मिनेसोटा संस्थानांतील सेंट पॉल येथें भरलेल्या परिषदेंत हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक सँडर ह्यांनीं अशी कल्पना मांडली कीं, न्यायालयास एकच दार नसावें. आंत येणाऱ्या वादाची प्रकृति पाहून त्याला खटला, लवाद किंवा मध्यस्थी ह्यांपैकीं योग्य त्या दारानें पाठवावें. रुग्णालयांत प्रत्येकाला शस्त्रक्रियेच्याच टेबलावर घेत नाहींत, तसेंच हें.

भारतांत १९९९ च्या दुरुस्तीनें दिवाणी प्रक्रिया संहितेंत ८९ वें कलम घालण्यांत आलें आणि तें १ जुलै २००२ पासून अमलांत आलें. ज्या वादांत समेटाचीं चिन्हें दिसतात तो वाद लवाद, समेट, लोकअदालत किंवा मध्यस्थी ह्यांपैकीं एका मार्गानें पाठवावा, असें त्या कलमानें न्यायालयास सांगितलें. सेलम येथील वकिलांच्या संघानें ह्या दुरुस्त्यांना सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें. न्यायालयानें दुरुस्त्या वैध ठरविल्या, आणि तेवढ्यावर न थांबतां न्यायमूर्ति एम. जगन्नाथ राव ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून नियमांचा नमुना करवून घेतला. २००५ च्या एप्रिल महिन्यांत मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारांत मध्यस्थी केंद्र उघडलें. त्याच सुमारास सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी ह्यांच्या कारकीर्दींत सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी व समेट प्रकल्प समिति स्थापन झाली. तिनें दिल्लीच्या तीस हजारी न्यायालयांत प्रथम न्यायाधीशांनाच शिक्षण देऊन प्रयोग केला. २००७ सालीं बंगळूरचें केंद्र सुरू झालें. पुढें हीं केंद्रें देशभर पसरलीं. मुंबई उच्च न्यायालयांत आणि महाराष्ट्रांतील जिल्हा न्यायालयांतही तीं आहेत.

८९ व्या कलमाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. २०१० सालीं ॲफकॉन्स कंपनीच्या प्रकरणांत निकाल देतांना न्यायमूर्ति आर. व्ही. रवींद्रन ह्यांनीं दाखवून दिलें कीं, कलम लिहितांना ‘मध्यस्थी’ आणि ‘न्यायिक तडजोड’ ह्या दोन शब्दांच्या व्याख्यांची अदलाबदल झालेली आहे. ज्या कलमावर सर्व डोलारा उभारावयाचा, त्यांतच असा घोटाळा! न्यायालयानें त्या व्याख्या उलट करून वाचावयास सांगितलें. परंतु त्या आधींच चेन्नई, दिल्ली आणि बंगळूर येथें मध्यस्थीचें काम सुरू झालें होतें. कलम सदोष असतांही केंद्रें चाललीं, ह्याचा अर्थ तीं कलमापेक्षां अन्य कशावर तरी उभीं होतीं.

तें अन्य कांहीं म्हणजे चार गोष्टी.

पहिली गोष्ट, पाठविणारा न्यायाधीश. कोणता वाद मध्यस्थीस द्यावा ह्याची त्याला पारख हवी. ॲफकॉन्सच्या निकालानें ह्याविषयीं ढोबळ यादीच दिली आहे. जेथें माणसांना पुढेंही एकमेकांबरोबर राहावयाचें आहे, असे वाद मध्यस्थीस योग्य: पतिपत्नी, भाऊबंद, भागीदार, शेजारी, मालक आणि नोकर, सहकारी गृहसंस्थेचे सभासद. व्यापारी करार, अपघाताची भरपाई, ग्राहकांच्या तक्रारी हेही वाद त्यांत येतात. उलट निवडणुकीचे तंटे, बनावट कागद व फसवणूक ह्यांचे गंभीर आरोप, अज्ञान मुलें किंवा देवस्थानें ह्यांच्या हिताचें रक्षण न्यायालयानें करावयाचे वाद, आणि अनेकांच्या वतीनें चालविलेले दावे हे न्यायाधीशानेंच ऐकावयाचे. लवादाकडे जाण्यास उभयतांची संमति लागते. मध्यस्थीकडे पाठविण्यास ती लागत नाहीं, हेंही त्या निकालानें स्पष्ट केलें. कारण तेथें कोणावर कांहीं लादलें जात नाहीं. मात्र न्यायाधीशानें नुसता हुकूम काढून चालत नाहीं. ‘आपणांस तेथें का पाठविलें’ हें पक्षकारांना त्याच्याच तोंडून दोन वाक्यांत कळलें, तर अर्धें काम झालें.

दुसरी गोष्ट, शिकलेला मध्यस्थ. निवृत्त न्यायाधीश किंवा नामांकित वकील आपोआप चांगला मध्यस्थ होतो, हा समज चुकीचा आहे. जन्मभर निर्णय देण्याची किंवा बाजू मांडण्याची संवय लागलेल्याला गप्प राहून ऐकणें सर्वांत कठीण जातें. म्हणून न्यायालयाच्या यादींत नांव येण्यापूर्वीं ४० तासांचें शिक्षण देण्याची पद्धति पडली. त्यांत भाषणें थोडीं, आणि खोटे खोटे पक्षकार बसवून केलेला सराव फार.

तिसरी गोष्ट, गुप्तता. मध्यस्थीच्या खोलींत बोललेला शब्द न्यायालयांत पुरावा म्हणून वापरतां येत नाहीं. मोतीराम विरुद्ध अशोककुमार ह्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं सांगितलें कीं, समेट झाला तर मध्यस्थानें फक्त उभयतांनीं सही केलेला करार पाठवावा. न झाला तर ‘मध्यस्थी यशस्वी झाली नाहीं’ एवढेंच लिहावें. कोण काय बोलला, कोणीं काय देऊं केलें, ह्यांतील अक्षरही लिहूं नये. हा नियम लहान दिसतो. पण आपला शब्द उद्यां आपल्यावर उलटेल अशी शंका असेल तेथें कोण मोकळें बोलेल?

चौथी गोष्ट, समेटाच्या कागदाचें बळ. तोंडी गोडवा संध्याकाळपर्यंत टिकतो. म्हणून झालेला करार स्वच्छ शब्दांत लिहून, सह्या करून, न्यायालयापुढें ठेवावा लागतो, आणि त्यावर हुकूमनामा होतो. शिवाय केंद्रीय कोर्ट-फी कायद्याच्या १६ व्या कलमाप्रमाणें, ८९ व्या कलमाखालीं वाद मिटल्यास वादीनें भरलेली फी त्याला परत मिळूं शकते. २०२१ सालीं तामिळनाडूंतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ह्याहून पुढें जाऊन, पक्षकारांनीं आपापसांत वाद मिटविला तरीही त्यांना हा लाभ नाकारूं नये, असें धोरण घेतलें.

आतां त्या दोघां भावांकडे वळावें. पहिल्या बैठकींत दोघेही वकिलांच्या आडून बोलतात. चौरस फूट आणि बाजारभाव ह्यांपलीकडे गाडी जात नाहीं. मग मध्यस्थ थोरल्याला एकट्याला बसवून विचारतो, “वाडा मिळाला, तर त्याचें आपण काय करणार?” तेव्हां कळतें कीं, त्याला सगळा वाडा नकोच आहे, गुडघे दुखतात म्हणून तळमजला हवा, आणि देवघर हलूं नये एवढीच इच्छा आहे. धाकट्याला वेगळें बसविल्यावर कळतें कीं, त्याला भाड्याच्या उत्पन्नाची गरज नाहीं. गणपतीला हक्कानें येतां यावें आणि दारावरच्या पाटीवर आपलेंही नांव असावें, हें त्याचें म्हणणें. परवानगीशिवाय मध्यस्थ ह्याचें त्याला सांगत नाहीं. तो दोघांना विचारतो, परवानगी मिळवितो, आणि पुन्हां एकत्र बसवितो. तासाभरानें केव्हां तरी धाकट्याच्या तोंडून ‘प्रतिवादी’ ऐवजीं ‘दादा’ असा शब्द येतो. तळमजला थोरल्याचा, वरचा मजला धाकट्याचा, डागडुजी अर्धी अर्धी, गणपति आळीपाळीनें, असा करार होतो. आणि त्या कराराच्या आरंभीं एक वाक्य येतें: आईच्या आजारांत थोरल्यानें केलेली सेवा धाकटा कृतज्ञतेनें मान्य करतो, आणि तिच्या आजाराची वार्ता वेळेवर कळविली नाहीं ह्याचें थोरल्याला वाईट वाटतें. कोणतेंही न्यायालय असा हुकूम देऊं शकत नाहीं.

प्रत्येक बैठक अशी फळास येते असें नव्हे. कित्येक मोडतात. परंतु केंद्र एकदां उघडलें आणि उद्घाटनाचे हार सुकले, म्हणजे खरी कसोटी लागते. तें टिकविण्याच्या आड येणाऱ्या अडचणी बहुधा घरगुती आणि क्षुल्लक दिसणाऱ्या असतात.

न्यायाधीशांच्या कांहीं वर्षांनीं बदल्या होतात. ज्यानें मोठ्या आस्थेनें वाद पाठविण्याचा प्रघात पाडला तो दुसऱ्या जिल्ह्यांत जातो, आणि त्याच्या जागीं आलेल्याला त्या खोलीची वाटही माहीत नसते. म्हणून केंद्र एका उत्साही माणसावर उभें करूं नये. तें नित्याच्या कामकाजांत मुरलें पाहिजे. केंद्राला स्वतःचा कारकून हवा, तारखांची वही हवी, दोन वेगळ्या खोल्या हव्या. भांडून आलेल्या नवराबायकोला एकाच बाकावर ताटकळत बसविणें हें समेटास मारक आहे. वेळेची मर्यादाही हवी. नमुन्याच्या नियमांत ६० दिवस आणि न्यायालयाच्या परवानगीनें आणखी ३० असें बंधन ठेवलें, तें उगीच नव्हे. नाहीं तर दिरंगाई ज्याच्या फायद्याची, तो पक्षकार मध्यस्थीलाही एक नवी तारीख समजतो.

वकीलवर्गाचा विश्वास ही दुसरी अडचण. दावे मिटले तर आपलें कसें होणार, अशी शंका प्रारंभीं सर्वत्र निघते. तिच्यावर उपदेशाचा इलाज चालत नाहीं. वकिलांना त्या कामांत मानाची जागा देणें हाच उपाय. दिल्ली उच्च न्यायालयाचें ‘समाधान’ हें केंद्र २००६ सालीं सुरू झालें, तेथें मध्यस्थ म्हणून प्रशिक्षित वकिलांनाच पुढें आणलें गेलें. समेटाचा मसुदा नेमका करणें, अशिलाला सत्य परिस्थिति सांगणें, हीं कामें वकिलाचींच आहेत, आणि त्यांचें मोल त्याला मिळालें पाहिजे.

मध्यस्थाच्या मानधनाचा प्रश्न तितकाच नाजूक आहे. न्यायालयाच्या केंद्रांत पक्षकाराला बहुधा कांहीं द्यावें लागत नाहीं. हें योग्यच आहे. परंतु मध्यस्थाला मिळणारें मानधन नांवापुरतें असेल, किंवा उशिरा मिळत असेल, तर चांगलीं माणसें दोन वर्षांत दमून जातात. आणि मानधनाचा भर समेट झाल्यावरच असेल तर मध्यस्थाच्या मनांत नकळत घाई शिरते. हीच गोष्ट आकड्यांची. केंद्राचें यश केवळ मिटलेल्या दाव्यांच्या संख्येनें मोजूं लागलें, कीं त्या संख्येचें ओझें शेवटीं दुबळ्या पक्षकाराच्या मानेवर येतें. विशेषतः नवराबायकोच्या वादांत हा धोका मोठा. मारहाणीला भिऊन दिलेली संमति ही संमति नव्हे. आणि पोटगीवांचून गांजलेल्या स्त्रीनें ‘मिटवून टाका’ म्हणणें हा समेट नव्हे. अशा वेळीं बैठक थांबवून वाद न्यायाधीशाकडे परत पाठविणारा मध्यस्थ आकड्यांत अपयशी दिसेल. वास्तविक त्यानेंच केंद्राची अब्रू राखलेली असते.

आणि आतां सर्वांत कळीचा प्रश्न, सक्तीचा. २०१८ च्या दुरुस्तीनें व्यापारी न्यायालयांच्या कायद्यांत ‘१२-अ’ हें कलम आलें. तातडीच्या मनाईहुकुमाची गरज नसेल तर व्यापारी दावा लावण्यापूर्वींच मध्यस्थीचा मार्ग चोखाळला पाहिजे, आणि तो तीन महिन्यांत, उभयतां मान्य असल्यास आणखी दोन महिन्यांत, पुरा व्हावा, असें तें कलम सांगतें. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत पाटील ऑटोमेशनच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें हें बंधन सक्तीचें ठरविलें. तें न पाळतां लावलेला दावा फेटाळला जाईल. आतां ह्यांतील दुसरी बाजू पाहावी. प्रतिपक्षाला बोलावणें गेलें आणि तो आलाच नाहीं, किंवा त्यानें नकार दिला, तर मध्यस्थी सुरूच झाली नाहीं असा अहवाल मिळतो. वकिलांच्या बोलींत त्याला ‘नॉन-स्टार्टर’ म्हणतात. तो अहवाल हातीं आला कीं दाव्याचा मार्ग मोकळा! १८७९ च्या कायद्यांतील कन्सिलिएटरचा दाखला येथें पुन्हां डोकावूं लागतो.

ह्याचा अर्थ सक्ती सर्वस्वीं वाईट असा नव्हे. इटलीनें २०१० च्या कायद्यानें अनेक दिवाणी वादांत मध्यस्थी सक्तीची केली. २०१२ सालीं तेथील घटना-न्यायालयानें ती तरतूद रद्द केली. आणि २०१३ सालीं ती नव्या रूपांत परत आली. नव्या रूपांत सक्ती होती ती पहिल्या बैठकीपुरती: यावें, बसावें, मध्यस्थी म्हणजे काय हें ऐकावें, आणि नको वाटल्यास उठून जावें. प्रत्यक्ष मध्यस्थासमोर अर्धा तास बसणें आणि घरबसल्या नकार कळविणें ह्यांत महदंतर आहे. पुष्कळांना मध्यस्थी नको असते ती ती काय आहे हें ठाऊक नसतें म्हणून. भारताच्या संसदेंत २०२१ सालीं आलेल्या मध्यस्थी विधेयकांतही दाव्यापूर्वींच्या मध्यस्थीची सक्ती होती. संसदीय समितीनें तिचा पुनर्विचार करावयास सांगितलें, आणि २०२३ च्या मध्यस्थी कायद्यांत ती ऐच्छिक ठेवण्यांत आली. ह्या कायद्यानें मध्यस्थीला १२० दिवसांची, आणि संमतीनें आणखी ६० दिवसांची मर्यादा घातली, गुप्ततेला कायद्याचें कुंपण दिलें, आणि मध्यस्थींतून झालेल्या करारास हुकूमनाम्याप्रमाणें बजावणीचें बळ दिलें. त्यांतील कांहीं कलमें ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालीं. अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानें करावयाची आहे.

कायद्यानें आपल्या बाजूनें जें करतां येतें तें बरेचसें केलें आहे. उरलें आहे तें न्यायाधीश, वकील, मध्यस्थ आणि पक्षकार ह्यांच्या वागणुकींत. आणि त्यांतही पक्षकाराचा वांटा लहान नाहीं. मध्यस्थीची तारीख आली म्हणजे स्वतः जावें. निर्णय घेण्याचा अधिकार नसलेल्या भाच्याला किंवा कारकुनाला पाठवूं नये. जातांना आपल्या मागण्यांच्या यादीबरोबर, त्या मागण्या आपण कशासाठीं करीत आहों, ह्याचाही विचार करून जावें. वकिलाला बरोबर न्यावें, पण आपलें तोंड घरीं ठेवून जाऊं नये. समेट पटला नाहीं तर निःशंकपणें नाहीं म्हणावें. न्यायाधीशाचें दालन शेजारींच उघडें आहे.

महाराष्ट्रांत समेटाचें एक दार एकदां उघडून बंद झालें. तें ज्यांच्यासाठीं उघडलें होतें ते शेतकरी आणि सावकार त्यांतून आंत गेले नाहींत. दाखला घेऊन बाहेरच्या बाहेर परतले. आज पुन्हां दार उघडें आहे, खोलींत शिकलेला माणूस बसला आहे, टेबलाभोवतीं खुर्च्या मांडलेल्या आहेत. पेठेंतल्या त्या वाड्याचे दोघे भाऊ बाहेरच्या बाकावर अंतर राखून बसले असतील, तर त्यांच्या हातांत दाखला देऊन त्यांना निरोप द्यावयाचा, कीं नांव पुकारून आंत बोलवावयाचें, एवढ्यावर ह्या सर्व योजनेचें भवितव्य ठरणार आहे.